नाक बदललं, विमान तेच? : 'जर-तर'च्या विमानांविषयी

आत येताना एकानं विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस खेळण्यातल्या विमानांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण हे पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली इथं विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकायचं, या विचारावर. मीही निवृत्तीनंतर हातानं काहीतरी करू लागलो. प्लास्टिकची छोटी विमानं जोडतो. आणि तिथं मला माझा जुनाच विषय पुन्हा भेटला.

हौशी मंडळींत एक प्रकार आहे. जे विमान कधी बनलंच नाही, ते बनवायचं. उदाहरणार्थ टायगर मॉथ. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं हे दुपंखी विमान. आपल्याकडच्या कितीतरी वैमानिकांनी यावरच उड्डाणाची अक्षरं गिरवली. त्याचं इंजिन जिप्सी मेजर, १३० अश्वशक्तीचं. चार सिलिंडर एकामागे एक, तेही उलटे, खाली लटकलेले. म्हणून त्याचं नाक लांब आणि अरुंद. आता समजा, त्याला रेडियल इंजिन बसवलं असतं तर? म्हणजे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. कसं दिसलं असतं ते विमान? इथून खेळ सुरू होतो.

आता टीका करतो. अशी बरीचशी मॉडेलं मला पटत नाहीत. कारण बहुतेक जण नाक कापतात, दुसऱ्या संचातलं गोल इंजिन चिकटवतात, रंग देतात, झालं! ही नुसती कलमबाजी झाली. 'जर' आहे, पण 'तर' कुठंय?

आपल्या न्यायदर्शनात 'तर्क' नावाची एक गोष्ट आहे. डोंगरावर धूर दिसतोय. कोणी म्हणालं, तिथं आग नाही. नैयायिक म्हणतो, बरं, घटकाभर तसं धरू. आग नसती तर धूरही नसता. पण धूर तर समोर दिसतोय! म्हणजे तुमचं म्हणणं टिकत नाही. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, जे धरलंय ते खरं नाही हे त्याला ठाऊक आहे. जाणूनबुजून केलेल्या अशा आरोपाला 'आहार्य' म्हणतात. दोन, एकदा धरलं की त्याचे परिणाम त्याला सोडत नाहीत, शेवटपर्यंत जावं लागतं. माझ्या मते चांगल्या काल्पनिक मॉडेलच्याही याच दोन कसोट्या आहेत.

आधी दुसरी घेऊ, परिणामांची. समजा, जुनं इंजिन १४० किलोचं आहे आणि विमानाच्या तोलबिंदूपासून १.२ मीटर पुढे आहे. नवं इंजिन १७० किलोचं. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, हं. तोल तोच राखायचा तर नवं इंजिन साधारण एक मीटरवर आणावं लागेल. म्हणजे नाक २० सेंटिमीटरनी आखूड. १:७२ च्या मॉडेलवर हे जेमतेम तीन मिलिमीटर होतात. पण ते तीन मिलिमीटर कापणारा माणूस विचार करतोय, आणि न कापणारा फक्त चिकटवतोय.

इतिहासही हेच सांगतो. जर्मन ब्यूकर कंपनीच्या युंगमाइस्टरला आधी सरळ रांगेचं इंजिन होतं. पुढे रेडियल आलं आणि नाक खरंच आखूड झालं. ब्रिटिशांच्या ॲव्हरो ५०४ ला १९२० च्या दशकात लिंक्स हे रेडियल इंजिन बसवलं, तेव्हा चाकांची मांडणीसुद्धा बदलली. इंजिन एकटं येत नाही, नव्या सुनेसारखं सगळं घर हलवतं.

आणि 'का?' हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या स्टीअरमनचा सांगाडा एकच, पण लायकमिंग लावलं तर पीटी-१३, कॉन्टिनेंटल लावलं तर पीटी-१७, जेकब्स लावलं तर पीटी-१८. युद्धात जे इंजिन हाताशी ते बसवा. हे पटणारं कारण आहे. तुमच्या रेडियल टायगर मॉथला असं कारण द्या, मी हात जोडतो.

माझीही फजिती सांगतो. पहिल्या मॉडेलवर मी हौसेनं सहा सिलिंडर गोल लावले. एका इंजिनियर मित्रानं पाहिलं आणि हसला. चार-फटक्यांच्या इंजिनात एका वर्तुळात सिलिंडर विषम लागतात, पाच, सात, नऊ. पाच असतील तर ठिणगी १-३-५-२-४ अशी एक सोडून एक फिरते, तेव्हाच धक्के समान अंतरानं पडतात. सहात ते जमत नाही. माझं विमान कल्पनेतसुद्धा नीट उडालं नसतं!

आता पहिली कसोटी. ती जास्त महत्त्वाची. मी दुसरं मॉडेल नीट केलं, पाच सिलिंडर, आखूड नाक, भारतीय खुणा. 'काल्पनिक' ही पाटी मात्र स्टँडच्या खाली लावली, दिसायला बरं म्हणून. कोणीतरी फोटो काढला. काही महिन्यांनी तोच फोटो मला व्हॉट्सॲपवर आला, 'इंग्रजांनी दडपलेलं भारतीय विमान' म्हणून. खाली अभिमानाचे हात जोडलेले. चूक फॉरवर्ड करणाऱ्याची होतीच, पण सुरुवात माझ्या पाटीपासून झाली होती.

मला लगेच तळपदे आठवले. १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईत विमान उडवलं, असं आपण ऐकत आलो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्राची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असं त्यांना दिसलं. यात तळपद्यांच्या धडपडीचा अपमान नाही. पण बघा, जे 'समजा' म्हणून सांगितलं असतं तर सुंदर ठरलं असतं, ते 'झालंच' म्हणून सांगितलं आणि खोटं ठरलं.

आणि खरं काय होतं? कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत प्रान्टल यांच्याकडे शिकले, बेंगळुरूला एचटी-२ हे प्रशिक्षणाचं विमान रचलं. ते १९५१ साली उडालं आणि हवाई दलात त्यानं टायगर मॉथची जागा घेतली. हे किती जणांना माहीत आहे? खोट्या अभिमानाची ही खरी किंमत. तो खऱ्याची जागा अडवतो.

म्हणून मुलांनो, बिनधास्त कल्पना करा. इथल्या फॅब लॅबमध्ये सिलिंडर छापा, नाक कापा, तोल मांडा. फक्त पाटी वर लावा, वाचता येईल अशी. मी माझी आता पंखाशेजारीच लावतो. मॉडेल थोडं कमी देखणं दिसतं. चालतं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.