उज्जयिनीची वीणा आणि पोलादी गिटार

परके वाद्य आपल्या संगीतात आले, की पहिला वाद त्याच्या कुळाविषयी होतो. हार्मोनियमच्या बाबतीत तो इतका वाढला, की १९४० साली आकाशवाणीने त्या वाद्यास आपले दार बंद केले, आणि ते पुन्हा किलकिले व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्रातील नाट्यगृहे व बैठकी मात्र त्याच पेटीच्या साथीने रंगत राहिल्या. वाद्याचे कुळ पाहून त्याच्या भवितव्याचा निर्णय होत नाही, हे यावरून दिसते. ते वाद्य परंपरेच्या स्वरोच्चाराला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, एवढाच प्रश्न अखेर उरतो. स्टील गिटारविषयी आपल्याकडे पुष्कळ कौतुक झाले. पण हा प्रश्न क्वचितच नीट विचारला गेला.

तो उज्जयिनीच्या संदर्भात विचारणे उचित होईल. प्रद्योताच्या बंदिवासात असलेल्या उदयनाने वासवदत्तेला वीणा शिकविली ती याच नगरीत. मेघदूतातील यक्ष अवंतीतील ग्रामवृद्धांना उदयनकथांचे जाणकार म्हणून गौरवितो, आणि भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’त हरवलेली घोषवती वीणा पुन्हा हाती येताच उदयनाचा शोक उफाळून येतो. या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. घोषवती ही उज्जयिनीची वीणा नव्हे. ती वत्सदेशाच्या राजाबरोबर बाहेरून आलेली. शिष्येने ती आपलीशी केली, म्हणून ती उज्जयिनीच्या कथेत राहिली.

स्टील गिटारचा प्रवास याहून लांबचा आहे. १८३० च्या दशकात हवाई बेटांवरील मोकाट गुरांना आवर घालण्यासाठी मेक्सिकोकडून गुराखी बोलाविण्यात आले. त्यांच्याबरोबर गिटार बेटांवर रुजली आणि तेथील लोकांनी तारा सैल करून आपल्या जुळणीत ती लावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी दांडी सरकविण्याची रीत सिद्ध केली. म्हणजे या वाद्याचे बीज मेक्सिकोतून गेलेले. पण मेक्सिकोच्या जुन्या लोकसंगीतात मात्र त्याला सहजासहजी जागा सापडत नाही. मारियाची वृंदात विहुएला तारांवर झपाट्याने हात मारीत लय उभी करते, गिटारोन खर्जाचा आधार देते, आणि तीन व दोन मात्रांच्या गटांची अदलाबदल हा तर त्या संगीताचा प्राणच. तेथे आघात झाला की नाद आवरावा लागतो. लांबत जाणारा, ओघळणारा स्वर ती लय पुसट करून टाकतो.

आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलट होती. तारेवर काहीतरी सरकवून स्वर काढण्याची कल्पना येथे नवी नव्हतीच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणेचे वर्णन केले आहे, तिच्या तारेवर बांबूची कम्रिका सरकवीत. उत्तरेत विचित्रवीणा काचेच्या गोळ्याने वाजते. दक्षिणेत गोट्टुवाद्यम् नावारूपास आणले ते तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी, ज्यांचे नावच मराठी वाचकास आपलेसे वाटावे. मींड ही आपल्या रागाची भाषाच असल्याने कलकत्त्याच्या करमणुकीच्या मैफलींतून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाढलेली हवाइयन गिटार एक दिवस रागाकडे वळणार, हे स्वाभाविकच होते.

ते वळण ब्रिजभूषण काब्रा यांनी दिले. जोधपूरला १९३७ साली जन्मलेल्या आणि अली अकबर खाँ यांची तालीम मिळालेल्या या वादकाची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकावी. तिच्यात शिवकुमार शर्मांचे संतूर आघाताचे आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी श्वासाची. या दोहोंमधील अंतर काब्रांची गिटार सांधते. माणिकराव पोपटकरांच्या तबल्याला ती कोठेही झाकून टाकीत नाही. स्वतः फार न बोलता इतरांच्या बोलण्याला अर्थ देणे, हा तिचा तेथील गुण मला मोठा वाटतो.

पुढे विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी आणि तरफेच्या तारा चढवून वाद्याचे रूप पालटले व त्यास मोहनवीणा हे नाव दिले. (राधिकामोहन मैत्रांनीही आपल्या सुधारित सरोदाला हेच नाव दिले होते.) तारा वाढल्याने नादाला भरीवपणा आला, यात संशय नाही, परंतु त्याबरोबर एक प्रलोभनही आले. तरफांच्या झंकारात प्रत्येक मींड सुंदरच भासते. राय कूडर यांच्यासमवेतच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला (१९९३) जगाने ग्रॅमी देऊन गौरविले. त्या वादनातील सौहार्द निःसंशय हृद्य आहे. पण रागाची चढण चढण्याऐवजी दोन घसरणारे सूर एकमेकांत मिसळण्याच्या सुखातच ते रमते. वीणा म्हटल्याने गिटार वीणा होत नाही. तशी ती व्हावी अशी गरजही नाही.

खरी उणीव वेगळी आहे. दांडीने घसरणे सोपे, थांबणे कठीण. बोटांनी घेतली जाणारी मुरकी, कृंतन, एखादा स्वर अर्ध्यातच तोडून सोडणे, या जागी पोलादी दांडी अडखळते, आणि ही अडचण वादक बहुधा आणखी एका मींडेने झाकतो. या बाबतीत त्याने माळव्याकडे पाहावे. उज्जैनपासून जवळच असलेल्या देवासला १९४८ च्या सुमारास बेळगावकडचे कुमार गंधर्व आले, आजारपणात माळव्याची लोकगीते ऐकत राहिले, आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग घडविले. त्यांच्या गाण्यात स्वर अकस्मात उसळतो, तुटतो, मागे निःशब्दता ठेवून जातो. लोकधुनेचा तो चटकन् पडणारा, चटकन् उठणारा आघात दांडीला साधेल काय? दांडीमागील बोटांनी तार दाबून नाद आवरण्याची युक्ती या वादकांना ठाऊक आहे. ती अपवादाने नव्हे, विचाराने वापरली गेली पाहिजे.

मेक्सिकोच्या संगीताने या वाद्यास मागितले असते तेही हेच, आणि माळवा मागतो तेही हेच. सरकता स्वर आपल्याजवळ होताच. तो वेळीच सोडून देण्याचा संयम स्टील गिटारने दाखविला, तर घोषवतीप्रमाणे तिचे परकेपण कोणी विचारणार नाही.