बालसैनिकांची आत्मकथने आणि मराठी कान

डोंबिवलीत आमचे एक छोटे वाचन मंडळ आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात. गेल्या पावसाळ्यात इश्माएल बेआचे ‘अ लाँग वे गॉन’ चर्चेला होते. सिएरा लिओनच्या यादवीत तेराव्या वर्षी हाती एके-४७ आलेल्या मुलाचे हे आत्मकथन २००७ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. चर्चा सुरू होऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच एक निवृत्त मुख्याध्यापिका, अत्यंत मायाळू बाई, म्हणाल्या, “सगळं खरं, पण त्याने एकूण माणसं मारली किती?” कुणी हसले नाही. उलट दोघा-तिघांनी पाने चाळायला सुरुवात केली. मीही चाळली, हे कबूल करायला हवे.

गंमत अशी की पुस्तकाची सुरुवात याच कुतूहलापासून होते. न्यूयॉर्कच्या शाळेतले मित्र बेआला विचारतात, तू युद्ध पाहिलेस का, आणि ‘हो’ ऐकून भारावून जातात. लेखक तिथे काही बोलत नाही. आपल्याला कोणता वाचक मिळणार आहे याची त्याला पहिल्या पानापासून कल्पना आहे.

या लेखात मला माझ्याच एका जुन्या मताची फेरतपासणी करायची आहे. २००८ च्या जानेवारीत ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाने बेआच्या कालक्रमावर आक्षेप घेतला. ज्या हल्ल्यात तो घरादाराला मुकला तो १९९३ चा नव्हे, १९९५ चा. म्हणजे तो सैन्यात दोन वर्षे नव्हे, फार तर काही महिने होता, असे त्या वार्ताहरांचे म्हणणे. बेआ आपल्या निवेदनावर ठाम राहिला. त्या वादाच्या भरात मी एका अनियतकालिकात लिहिले होते की, ज्याला आपल्या आयुष्यातली सालेही जुळवता येत नाहीत त्याच्या आत्मकथनावर किती विसंबायचे? वाक्य टाळीचे होते. आज ते मला लाजिरवाणे वाटते. सालाला महत्त्व नसते असे मी म्हणणार नाही, असते. पण पुस्तक वाचताना मी उलटतपासणी घेत होतो, आणि उलटतपासणीत पुस्तकाचे जे खरे दुखणे आहे ते सापडतच नाही.

ते दुखणे निवेदनात आहे. बेआ आपल्या स्मरणशक्तीची ग्वाही देतो. आजोबांनी दिलेल्या औषधामुळे आपल्याला सारे लख्ख आठवते, असे सांगतो. त्यामुळे तेरा वर्षांचा मुलगा आणि सव्विसाव्या वर्षी लिहिणारा तरुण यांच्यात अंतरच उरत नाही. मुलगा पाहतो तेच लेखक सांगतो, मधे कुणी अडखळत नाही. इथे मराठी वाचकाला ‘बलुतं’ आठवल्यावाचून राहत नाही. दया पवारांच्या त्या १९७८ च्या पुस्तकात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. नाव एकाचेच, माणसे दोन. एक भोगणारा, एक लिहिणारा, आणि दोघांना एकमेकांची थोडी लाज वाटते. त्यानंतर ‘उपरा’ आले, ‘उचल्या’ आले. गेली जवळपास पन्नास वर्षे मराठी कानाला हे दुहेरी ‘मी’ ऐकण्याची सवय झाली आहे. आफ्रिकेतल्या या पुस्तकांचे समीक्षण करताना ही सवय आपण का वापरत नाही, हे मला कळत नाही. आपण लगेच इंग्रजी वर्तमानपत्रांतली परीक्षणे उघडतो.

ही सवय वापरली की पुस्तकातल्या वेगळ्याच जागा उजळतात. फ्रीटाउनच्या पुनर्वसन केंद्रात आणलेल्या मुलांना सुटका नकोच असते. ती भांडतात, भोसकाभोसकी करतात, नशेविना तडफडतात, पुन्हा आघाडीवर जायला बघतात. केंद्रातली माणसे ‘तुझा यात दोष नाही’ असे म्हणत राहतात आणि त्या सांत्वनाचाच मुलांना संताप येतो. आपली तुकडी हेच त्यांचे कुटुंब झाले होते. त्याहून मोठी जागा अगदी शेवटी आहे. गावात सांगितली जाणारी माकडाची आणि शिकाऱ्याची एक गोष्ट: माकड म्हणते, मला मारलेस तर तुझी आई मरेल, सोडलेस तर बाप. सात वर्षांच्या बेआकडे याचे उत्तर तयार होते. माकडाला मारायचे, म्हणजे दुसऱ्या कुणावर ही पाळी येणार नाही. पण आईला काय वाटेल म्हणून ते त्याने कधी कुणाला सांगितले नाही. अख्ख्या पुस्तकात दगडू आणि दया इथे प्रथमच समोरासमोर बसतात. युद्ध यायच्या आधीचा हा प्रसंग आहे. २००८ साली मी परीक्षणात त्याचा उल्लेखही केला नव्हता.

बेआ २००७ च्या नोव्हेंबरात युनिसेफचा युद्धग्रस्त मुलांसाठीचा पहिला प्रवक्ता झाला. युगांडाच्या ग्रेस अकालोने २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे भाषण केले. दक्षिण सुदानचा इमॅन्युएल जाल गायक झाला आणि गाण्यांतून बोलत राहिला. या मुलांनी आयुष्य नुसते सावरले नाही, ते इतरांसाठी उभे राहिले, आणि त्यांच्या बोलण्याचा उपयोगही झाला. पण व्यासपीठाचे स्वतःचे एक व्याकरण असते. पाच मिनिटांत सांगायचे म्हटले की क्रम ठरून जातो: धरून नेले, नशा दिली, मारायला लावले, सुटका झाली, शिकलो, आता बोलतो आहे. ‘मला बंदूक आवडत होती’ हे वाक्य त्यात बसत नाही. व्यासपीठावर तो मुलगा आणि हा वक्ता एकच असावे लागतात. नाहीतर सभा गोंधळते.

अकालोच्या ‘गर्ल सोल्जर’मध्ये तर ही ओढाताण पुस्तकाच्या बांधणीतच दिसते. १९९६ च्या ऑक्टोबरात आबोके गावच्या शाळेतून १३९ मुली पळवल्या गेल्या. शाळेतली एक इटालियन जोगीण बंडखोरांच्या मागोमाग रानात गेली आणि १०९ मुली परत घेऊन आली. मागे राहिलेल्या ३० मुलींत अकालो होती. पुस्तकात एक प्रकरण तिचे, पुढचे एका अमेरिकन लेखिकेचे, इतिहास आणि पार्श्वभूमी समजावून देणारे. हेतू चांगला आहे. परिणाम असा की मुलगी जरा बोलू लागली की वडीलधारे मधे येऊन ‘तिला म्हणायचंय ते असं’ म्हणतात. जालचे ‘वॉर चाइल्ड’ मला या सगळ्यांत उजवे वाटते, कारण तो स्वतःला सोडत नाही. सूड हवा होता, भुकेच्या टोकाला मेलेल्या सोबत्याच्या मांसाचा विचार मनात आला होता, हे तो लिहितो आणि त्यावर लगेच पश्चात्तापाचे पांघरूण घालत नाही.

न्यायालयात या साक्षीचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. काँगोच्या थॉमस लुबांगावर बालसैनिक भरतीबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. २००९ च्या जानेवारीत पहिलाच साक्षीदार, एक माजी बालसैनिक, सकाळी जबानी देऊन दुपारी ती मागे घेऊन बसला. हे मला सांगायला शिकवले होते, म्हणाला. २०१२ साली लुबांगा दोषी ठरला, पण त्या दिवसाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आरोपी समोर बसलेला असताना त्या मुलाने कोणता ‘मी’ बोलायचा होता?

आता आपल्या भाषेकडे. ‘चाइल्ड सोल्जर’ला आपण ‘बालसैनिक’ म्हणतो आणि तिथेच थोडे फसतो. मराठीत ‘बाल’ हा शब्द लाडाचा आहे: बालकवी, बालगंधर्व, बालवीर. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला गोळ्या झेलून गेलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आपल्याला बालशहीद म्हणून ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. जो गेला त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे. जो बंदूक चालवून परत आला, त्याच्यासाठी नाही. नेपाळने एक शब्द काढला, तो मात्र भयंकर होता. माओवाद्यांच्या सैन्याच्या पडताळणीत ४,००८ जणांना बाजूला काढले गेले, त्यांतले २,९७३ भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. २०१० साली त्यांना छावण्यांतून बाहेर पाठवताना शिक्का बसला ‘अयोग्य’. लेनिन बिस्त हा त्यांच्यापैकीच एक. या शिक्क्याविरुद्ध आणि सोबत्यांच्या हक्कांसाठी तो वर्षानुवर्षे झगडतो आहे. २०१८ साली बँकॉकच्या परिषदेला निघालेल्या बिस्तला काठमांडूच्या विमानतळावरच अडवण्यात आले.

आपले नेपाळ म्हणजे गडचिरोली आणि त्याला लागून असलेले बस्तर. ह्यूमन राइट्स वॉचने २००८ साली छत्तीसगडवर अहवाल काढला. त्यात सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे ‘बाल संघम’, मग चेतना नाट्य मंच, मग दलम अशी चढण नोंदलेली आहे; शिवाय सलवा जुडूम आणि पोलिसांनीही अल्पवयीनांना वापरले होते, हेही त्यात स्पष्ट आहे. मराठी साहित्यात या मुलखाबद्दल लिहिले गेले आहे. हेमलकशात आयुष्य घालवलेल्या विलास मनोहरांचे ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आजही वाचावे असे आहे. सुरेश द्वादशीवारांचे ‘हाकुमी’ आहे. पण हे सगळे ‘तो’चे लेखन. आम्हा ठाणेकरांना हे नवे नाही. १९४५ च्या जानेवारीत आमच्या कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे आलेल्या मोजक्या वारल्यांपासून जे सुरू झाले ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे, आणि तिथलाही ‘मी’ गोदावरी परुळेकरांचा आहे. पुस्तक थोरच आहे. जागा झालेला वारली मात्र त्यात बाईंच्याच मराठीत बोलतो.

गडचिरोलीतला ‘मी’ आपल्यापर्यंत येतो तो आत्मसमर्पणाच्या प्रसिद्धिपत्रकातून. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे; २०२५ च्या ऑक्टोबरात भूपती हा वरिष्ठ नेता साठ जणांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून आला, तो फोटो सर्वांनी पाहिला. मी गेली काही वर्षे अशी पत्रके कातरून ठेवतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जुनी दैनिके चाळताना लागलेली ही खोड. हा एक वाङ्मयप्रकारच आहे. नाव, ऊर्फ, वय, गाव, कोणत्या साली कोणत्या दलममध्ये भरती, किती चकमकी, किती जाळपोळी, डोक्यावर बक्षीस किती. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे पहिल्या परिच्छेदातच मिळते. वय लिहिलेले असते, भरतीचे सालही असते, पण वजाबाकी कुणी केलेली नसते. समजा, वय २८ आणि भरती पंधरा वर्षांपूर्वीची. उत्तर येते १३. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३ प्रमाणे मुलाला असे वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. म्हणजे त्या भरतीच्या दिवशी तो किंवा ती गुन्ह्याची बळी होती. पत्रकात मात्र सुरुवातीपासून ‘जहाल’ असते.

मला आणखी एक शब्द खुपतो, ‘ऊर्फ’. दलममध्ये गेल्यावर मुलाला नवे नाव मिळते. परत आल्यावर जुने नाव पहिले आणि नवे ‘ऊर्फ’नंतर लिहिले जाते. दगडू आणि दया यांच्यात जे अंतर होते, त्याची सारी सामग्री या एका शब्दात पडून आहे. ते पुस्तक कुणी लिहिले तर बहुधा माडियात लिहील, मराठीत नव्हे. आपल्यापर्यंत ते अनुवादाने येईल, आणि अनुवादकाने त्यात पार्श्वभूमीची प्रकरणे घालू नयेत अशी माझी विनंती राहील.

पुढच्या बैठकीला मी माझ्या कात्रणांपैकी तीन घेऊन गेलो. नावे झाकली आणि वाचायला दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावला, पर्समधून पेन काढले आणि कात्रणाच्या समासात वजाबाकी केली. मग कागद शेजारच्या माणसाकडे दिला आणि त्यालाही ती करायला सांगितली.