व्हॉयेजरवरची भैरवी

केसरबाई केरकरांचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला, असे आपल्याकडे वारंवार लिहिले जाते. (बाहेर म्हणजे सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर; व्हॉयेजर १ तिथे ऑगस्ट २०१२मध्ये पोचले.) अशा लेखांत गोव्यातले केरी गाव असते, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम असते, अभिमान असतो. गाणे मात्र नसते. माझी तक्रार तेवढीच आहे.

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी निघाले, व्हॉयेजर १ त्यामागून ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी. कार्ल सेगन यांच्या समितीने तीवर २७ रचना घेतल्या. 'जात कहाँ हो' पंचविसावी. हे शब्द जणू यानालाच विचारले आहेत, यावर आपले लेखक खूश होतात. मीही झालो होतो. पण ती भैरवी आहे, आणि आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. बाखपासून सुरू झालेल्या या तबकडीवर भैरवीनंतर दोनच रचना उरतात: ब्लाइंड विली जॉन्सन यांचे शब्दांवाचूनचे गुणगुणणे आणि बेथोव्हेनच्या एका तंतुवाद्य-चौकडीचा संथ भाग. देवळाली कॅम्पात तोफांचा सराव थांबला की रात्री मी या तिन्ही ओळीने लावतो. भैरवी तिथे सन्मानासाठी बसवलेल्या पाहुणीसारखी वाटत नाही. निरवानिरव तिच्यापासूनच सुरू होते.

'जयपूर घराण्याची ख्यालगायकी अवकाशात' हे विधानही मला पटत नाही. आवर्तनामागून आवर्तन रचत जाणारा ख्याल साडेतीन मिनिटांत कसा मावणार? वर गेला तो घराण्याचा विस्तार नव्हे, तर एक भरदार, खुला, कुठेही न दबणारा आवाज. ध्वनिमुद्रणाबाबत बाई फार चोखंदळ होत्या, हेही इथे आठवावे.

तबकडीवर ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे, त्याचा मात्र क्वचितच उल्लेख होतो. गुजराती अभिवादन सरळ 'संपर्क साधा' म्हणते. मराठी म्हणते, या जन्मी धन्य व्हा! ऐकणाऱ्याला जन्म असतो, आणि तो एकच नसावा, हे आपण गृहीतच धरले. वाक्य भाषांतरासारखे अवघडलेले आहे, तरी मला ते आवडते.

केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या. व्हॉयेजर १ला निघून ११ दिवस झाले होते. १८ तारखेला त्या यानाने मागे वळून सुमारे १ कोटी १७ लाख किलोमीटरवरून पृथ्वी आणि चंद्र प्रथमच एका चौकटीत टिपले. दोन्ही कोरीएवढे दिसतात.