प्रवेश-नियंत्रणाची प्रतिमाने : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
संगणकीय माहितीपर्यंत कोणी पोहोचावे व तिचे काय करावे, हे ठरविणाऱ्या नियमांच्या औपचारिक मांडणीस प्रवेश-नियंत्रणाचे प्रतिमान म्हणतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. त्यामुळे या विषयाचा खानदेशाशी असलेला संबंध केवळ पाठ्यपुस्तकी नाही.

विवेचन :
लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सारणीत आडव्या ओळीत व्यक्ती, उभ्या स्तंभात दस्तऐवज आणि प्रत्येक चौकटीत वाचणे, लिहिणे असे अधिकार असतात. बेल व लापाडुला यांचे १९७३ चे प्रतिमान लष्करी गोपनीयतेसाठी होते. वरच्या श्रेणीचे वाचू नये व खालच्या श्रेणीत लिहू नये, हा त्याचा गाभा. १९७६ मध्ये हॅरिसन, रुझो व उलमन यांनी दाखवून दिले की, एखादा अधिकार भविष्यात नको त्या हाती जाईल की नाही, हे सर्वसाधारण सारणीत कोणत्याही एका रीतीने ठरविता येत नाही. क्लार्क व विल्सन (१९८७) यांनी लष्कराऐवजी हिशेबाची वही डोळ्यांसमोर ठेवली : देयक तयार करणारा व मंजूर करणारा एकच नसावा. फेरायोलो व कून (१९९२) आणि सँधू व सहकारी (१९९६) यांनी अधिकार व्यक्तीऐवजी भूमिकेस जोडले. २००४ मध्ये ही मांडणी अमेरिकेत राष्ट्रीय मानक ठरली.

या परंपरेचे तार्किक सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि तिच्यात एक उणीव दिसून येते. ज्याची माहिती आहे, तो नागरिक सारणीत बहुधा कोठेच नसतो. तो केवळ दस्तऐवजाचा विषय असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात खासगी संस्थांच्या वापरावर मर्यादा घातली आणि पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवण्यास मनाई केली. न्यायालयाचे प्रश्न ‘कशासाठी?’ आणि ‘किती काळ?’ असे होते. लॅम्पसन यांच्या चौकटीत मात्र ‘कोण?’ आणि ‘काय?’ एवढेच मावते. हेतूवर आधारित प्रतिमाने २००५ च्या सुमारास पुढे आली खरी. परंतु हेतू सांगणारा माहिती मागणाराच असल्याने त्याची सत्यता प्रतिमानाबाहेरच राहते.

दुसरी मर्यादा व्यवहाराची आहे. भूमिकाधिष्ठित प्रतिमान एका नावामागे एकच माणूस गृहीत धरते. कार्यालयात एकच पासवर्ड चौघे वापरू लागले, की लिपिक व मंजुरी अधिकारी यांतील भेद कागदावरच उरतो आणि चुकीची जबाबदारी कोणावरच निश्चित होत नाही. आधारची पडताळणीही येथे अपुरी ठरते. ती समोरची व्यक्ती कोण, एवढेच सांगते. त्या व्यक्तीची नोंद कोणी पाहावी, हे ठरविणे निराळे कार्य आहे.

समारोप :
विद्यापीठीय संशोधनात जुन्या प्रतिमानात एखादा गुणधर्म वाढवून नवे प्रतिमान सिद्ध करण्याकडे कल आढळतो. जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांना याहून जवळचे क्षेत्र उपलब्ध आहे : शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे गुण, शिधावाटपाची नोंद. येथील अधिकारांची प्रत्यक्ष सारणी तयार करून ती नियमांतील सारणीशी पडताळली, तर संशोधनास सामाजिक अर्थ लाभेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती ज्याची आहे त्या व्यक्तीस हक्क दिले आहेत. त्या व्यक्तीस प्रतिमानात स्थान देणे, हे संशोधकांचे उरलेले काम आहे.