पात्र-अपात्र यादी आणि नमुना निवड : यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्याविषयक लघुसंशोधनांची पद्धतिशास्त्रीय समीक्षा

बीजशब्द : नमुना चौकट, सहेतुक नमुना निवड, नियंत्रण गट, पात्र-अपात्र प्रकरणे, कर्जबाजारीपणा

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्या हा विषय गेल्या दोन दशकांत विदर्भातील समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या लघुसंशोधनाचा जवळजवळ हक्काचा विषय झालेला आहे. एम.फिल.चे लघुप्रबंध, पदव्युत्तर प्रकल्प, चर्चासत्रांतील शोधनिबंध यांतून त्याची सातत्याने मांडणी होत आली. यांपैकी बहुतेक लेखनाचा साचा ठरलेला असतो. आरंभी कापूस उत्पादनाची स्थिती, मग उद्दिष्टे व गृहीतके, त्यानंतर सहेतुक नमुना पद्धतीने ५० किंवा १०० कुटुंबे निवडल्याचे एक वाक्य, काही सारण्या, आणि अखेरीस कर्जबाजारीपणा हे आत्महत्येचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष खरा की खोटा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न नाही. तो बहुधा खराच आहे. प्रश्न असा आहे की, नमुना निवडीच्या त्या एका वाक्यानंतर दुसरा कोणता निष्कर्ष निघूच शकला असता काय?

यादी कोठून येते

नमुना निवडीपूर्वी समग्राची यादी, म्हणजेच नमुना चौकट, हाती असावी लागते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांची अशी तयार यादी संशोधकाला सहज मिळते ती तहसील वा जिल्हाधिकारी कार्यालयात. ही यादी मदत वाटपासाठी तयार झालेली असते, संशोधनासाठी नव्हे. डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ मधील शासन निर्णयांनुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास एक लाख रुपयांची मदत देण्याची जी व्यवस्था झाली, तीत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासून 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवते. पात्रतेचे निकष स्थूलमानाने असे होते : नापिकी, राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज फेडता न येणे, आणि त्या कर्जाच्या वसुलीचा तगादा.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. पात्र यादीतील प्रत्येक कुटुंब त्या यादीत आले ते मुळात कर्ज सिद्ध झाल्यामुळे. अशा यादीतून ५० कुटुंबे निवडून, 'आत्महत्याग्रस्त कुटुंबांपैकी किती कर्जबाजारी होती?' असा प्रश्न विचारणे म्हणजे रुग्णालयात भरती असलेल्यांपैकी किती जण आजारी आहेत हे मोजण्यासारखे आहे. सारणीतील ९० वा ९५ टक्के हा आकडा शेतकऱ्याविषयी फारसे काही सांगत नाही. समितीने निकष कितपत काटेकोरपणे लावले एवढेच तो सांगतो. या आकड्यावर काई वर्ग चाचणी लावून गृहीतक 'सिद्ध' झाल्याचे लिहिले जाते, तेव्हा चाचणीचा काहीच दोष नसतो. गृहीतक चौकटीतच सिद्ध होऊन आलेले असते.

अधिकृत नोंद ही सामाजिक प्रक्रियेतून घडते, हा मुद्दा आत्महत्येच्या अभ्यासात नवा नाही. एमिल दुरखाईम यांनी १८९७ मध्ये शासकीय आकडेवारीवर आपला प्रसिद्ध सिद्धान्त उभारला; १९६७ मध्ये जॅक डग्लस यांनी त्या आकडेवारीलाच प्रश्न केला. मृत्यूला 'आत्महत्या' असे नाव कोण देतो, कोणत्या हेतूने देतो, हे पाहिल्याशिवाय आकडे वापरता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुरखाईम सर्वत्र शिकवला जातो, डग्लस क्वचितच. यवतमाळच्या संदर्भात मात्र डग्लस अधिक उपयोगी पडावा.

यादीबाहेर कोण राहते

अपात्र ठरलेली कुटुंबे कोणती, याचा विचार केल्यास या चौकटीची दुसरी उणीव दिसते आणि ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. मक्त्याने वा बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेतात पतीइतकेच राबणाऱ्या स्त्रीचेही बहुधा नसते. तिच्या मृत्यूची कारणमीमांसा 'घरगुती कारण' या शब्दांत सहज आटोपते. वनजमीन कसणाऱ्या ज्या कुटुंबाला वनहक्काचा पट्टा मिळालेला नाही, ते कागदोपत्री शेतकरी नाही. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम पोड महसुली गावापासून दूर असतात. गाव हे एकक धरून नमुना काढला तरी पोड वगळला जाण्याचा संभव राहतोच. शेतमजुराचा प्रश्न तर वेगळाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने १९९५ पासून शेतीत स्वयंरोजगार करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग दाखविण्यास सुरुवात केली. २०१४ च्या अहवालापासून शेतकरी व शेतमजूर असे विभाजन झाले. म्हणून २०१३ पूर्वीचा आणि नंतरचा आकडा एका आलेखावर सरळ रेषेने जोडणे योग्य नव्हे, तरीही ते सर्रास केले जाते.

यादीबाहेरच्या या कुटुंबांचे कर्जही वेगळ्या जातीचे असते. ज्याच्या नावे जमीन नाही त्याला बँक पीककर्ज देत नाही. त्याचे देणे असते कृषी केंद्राच्या उधारीचे, परवाना नसलेल्या सावकाराचे, नातलगाकडून लग्नासाठी वा दवाखान्यासाठी उचललेले. पात्र यादीवर आधारलेल्या अभ्यासात संस्थात्मक कर्जाचे प्रमाण अधिक आणि खासगी देण्याचे कमी दिसते, ते यामुळे. म्हणजे ही पद्धत एकीकडे कर्जाचे महत्त्व न तपासताच गृहीत धरते आणि दुसरीकडे कर्जाचा सर्वांत जाचक प्रकार दृष्टीआड करते.

याचे परिणाम ग्रंथालयापुरते मर्यादित राहत नाहीत. २००८ ची केंद्र शासनाची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या तिन्ही संस्थात्मक कर्जाशी निगडित होत्या. २००८ च्या योजनेत संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या धारकांना होती. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांहून अधिक जमीन असूनही हलाखीत असलेले शेतकरी पुष्कळ आहेत, ही बाब त्या वेळी मांडली गेली होती. ज्या अभ्यासात मक्तेदार शेतकरी नाही, खासगी देणे नाही, त्या अभ्यासाच्या 'शिफारशी' कर्जमाफीपलीकडे जाऊ शकत नाहीत आणि जात नाहीत.

तुलनेचा अभाव

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००३ मधील ५९ व्या फेरीनुसार महाराष्ट्रातील ५४.८ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती. देशाची सरासरी ४८.६ टक्के आणि आंध्र प्रदेशाचे प्रमाण ८२ टक्के होते. याचा साधा अर्थ असा की, आत्महत्या न झालेल्या घरांतही कर्ज होते आणि ते निम्म्याहून अधिक घरांत होते. आत्महत्या झालेल्या घरांतील कर्जाला अर्थ प्राप्त होतो तो या पार्श्वभूमीवर. नुसत्या टक्केवारीने नव्हे.

हे काम कसे करावे याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या याचिकेच्या अनुषंगाने टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांचा अहवाल जानेवारी २००६ मध्ये आला. मिश्र यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांसोबत आत्महत्या न झालेल्या शेतकरी कुटुंबांचाही नियंत्रण गट घेतला. कर्जबाजारीपणा हा प्रमुख धोक्याचा घटक असल्याचे त्यांनाही आढळले. पण ते तुलनेतून आढळले. शिवाय पुरुष शेतकऱ्यांमधील वयसमायोजित आत्महत्या दर राज्यात १९९५ मधील १५ वरून २००४ मध्ये ५७ वर गेल्याचे त्यांनी दाखविले. केवळ मृत्यूंची संख्या न देता तिला लोकसंख्येच्या छेदाने भागण्याचा हा साधा संस्कार आपल्या लघुप्रबंधांतून अजूनही दुर्मीळ आहे. हा अहवाल जवळजवळ प्रत्येक संदर्भसूचीत असतो. त्यातील पद्धती मात्र उचलली जात नाही, निष्कर्ष उचलला जातो.

नमुना मोठा घेतला की दोष निघून जातो, असाही एक समज आहे. क्रेज्सी व मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातील ३८४ हा आकडा त्यासाठी मंत्रासारखा वापरला जातो. तो तक्ता यादृच्छिक निवड गृहीत धरतो. सोयीने भरलेल्या ३८४ प्रश्नावलींना तो लागू नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा करूनही अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत साफ चुकविले, कारण त्यांची यादीच सधन मतदारांकडे झुकलेली होती. आपल्याकडे २००६ मध्ये अमरावती विभागातील पाच व वर्धा अशा सहा जिल्ह्यांत शासकीय यंत्रणेने सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघरी पाहणी केली. ही नमुना पाहणी नव्हती, गणनाच होती. संकटाची व्याप्ती तिने निश्चित दाखविली. मात्र शेतकरी कुटुंब कोणते, ही व्याख्या तेथेही आधी ठरलेलीच होती.

क्षेत्रकार्यातील अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. लघुप्रबंधातही वरील सर्व दोष आहेत, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. नमुना ५० कुटुंबांचा, सर्व पात्र यादीतील, आणि गावे निवडली ती मोटारसायकलने सायंकाळपर्यंत परतता येईल अशी. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. पुसद-उमरखेडकडील ओलिताचा पट्टा, वणीचा कोळसा खाणींचा परिसर आणि घाटंजी-केळापूरकडील आदिवासीबहुल कोरडवाहू भाग यांची शेती एक नव्हे. लघुप्रबंधाच्या शीर्षकात मात्र 'यवतमाळ जिल्हा' असे होते आणि अभ्यास दोन तालुक्यांचा होता.

मुलाखतींतही एक अडचण आली. सोबत कोतवाल असल्याने बहुतेक घरांत संशोधकाला शासनाचा माणूस समजले गेले. "साहेब, आमच्या केसचं काही होईन का?" हा प्रश्न अनुसूचीतील पहिल्या प्रश्नाआधीच येई. अशा वेळी पंचनाम्यात जे कारण दिले तेच पुन्हा सांगितले जाणे स्वाभाविक आहे. वेगळे काही बोलल्यास मदतीला बाधा येईल ही धास्ती असते. बोथबोडनसारख्या ज्या गावांचे नाव वृत्तपत्रांतून वारंवार आले, तेथे तर पत्रकार, पुढारी व संशोधक यांची इतकी ये-जा झाली आहे की उत्तरे पाठ झाली असल्यास नवल नाही. एका गावी शेजारच्या घरातील एक बाई आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या पतीचे प्रकरण अपात्र ठरले होते, कारण शेत मक्त्याचे होते. अनुसूचीत मक्त्यासाठी रकानाच नव्हता. ती मुलाखत 'नमुन्याबाहेरील' म्हणून बाजूला ठेवली गेली.

पर्यायी रचना

यावर महाविद्यालयीन पातळीवर, अनुदानाशिवाय, काय करता येईल? पात्र आणि अपात्र या दोन्ही याद्या मागाव्यात. अपात्र यादी मिळण्यास वेळ लागतो, माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, पण ती मिळू शकते. पोलीस ठाण्यातील आकस्मिक मृत्यूची नोंद व ग्रामपंचायतीतील मृत्यू नोंदवही यांच्याशी तिचा मेळ घालावा. तालुक्यांचे शेतीच्या स्वरूपानुसार स्तर पाडून प्रत्येक स्तरातून यादृच्छिक निवड करावी. प्रत्येक निवडलेल्या कुटुंबामागे त्याच गावातील, साधारण तितकीच जमीन कसणारे एक कुटुंब तुलनेसाठी घ्यावे. एकाच यादीतील १०० कुटुंबांपेक्षा दोन्ही याद्यांतील ३० व त्यांचे ३० शेजारी यांतून अधिक शिकता येते. किती कुटुंबांनी बोलण्यास नकार दिला, सोबत कोण होते, हेही पद्धतीच्या प्रकरणात लिहावे. २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद झाली असली तरी तिच्यातील सवयी पीएच.डी.च्या प्रबंधांत जशाच्या तशा उतरत आहेत, म्हणून हा तपशील.

तुलनेच्या कुटुंबाची मुलाखत सोपी नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या घरी मृत्यू झालेला नाही त्या घरी जाऊन 'तुमच्यावर देणे किती?' असे विचारताना आपण शेजारच्या घराशी त्यांची बरोबरी करीत आहोत हे त्यांच्या लक्षात येते. आत्महत्येचा उल्लेख न करता शेतीच्या जमाखर्चाची पाहणी म्हणून दोन्ही घरी एकच अनुसूची वापरणे आणि मृत्यूविषयीचे प्रश्न कुटुंबाची संमती घेऊन वेगळ्या भेटीसाठी राखून ठेवणे, हा त्यावर एक मार्ग आहे. त्यासाठी प्रत्येक गावी किमान दोनदा जावे लागेल.