पूर्वकथा आणि तिचा प्रेक्षक : ‘द हॉबिट’च्या निमित्ताने

पीटर जॅक्सन यांचा ‘द हॉबिट : अॅन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ हा चित्रपट डिसेंबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्याविषयी व्यक्त झालेली मते परस्परविरोधी होती, एवढे म्हणून भागत नाही. मतभेद ही नित्याचीच बाब आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या घटकाविषयी एका प्रेक्षकाने तक्रार केली नेमका तोच घटक दुसऱ्याच्या आनंदाचे कारण ठरला. बिल्बोच्या घरी तेरा बुटके जेवायला येतात तो प्रसंग कुणाला संपता संपेना, तर त्या ओळखीच्या घरात पुन्हा पाऊल ठेवता आले म्हणून कुणी सुखावले. रिव्हेन्डेल येथे सारुमान आणि गॅलाड्रिएल यांची गॅन्डाल्फशी होणारी बैठक एका वर्गाला निव्वळ भरताड वाटली. दुसऱ्याला तीत कथेचा खरा विस्तार दिसला. समीक्षकांचा सूर संमिश्र होता. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोअर या अमेरिकन संस्थेकडे त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली, आणि त्याचे जागतिक उत्पन्न शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेले. म्हणजे प्रेक्षकाने तो नाकारला असेही म्हणता येत नाही.

या दुभंगलेल्या प्रतिसादाचे स्पष्टीकरण बहुधा अभिरुचिभेदाने दिले जाते. ते मला अपुरे वाटते. येथे भेद अभिरुचीचा नसून क्रमाचा आहे. कोणत्या प्रेक्षकाने कोणती संहिता आधी अनुभवली, यावर त्याला हा चित्रपट काय म्हणून दिसला हे अवलंबून आहे.

‘पूर्वकथा’ या संज्ञेतील ‘पूर्व’ हे पद द्व्यर्थी आहे. कथागत काळात आधी घडलेली ती पूर्वकथा, असे आपण सहज म्हणतो. परंतु कथन-काळात ती नंतरची असते, हेही त्या संज्ञेत गृहीत असते. वाल्मीकिरामायणाचे बालकांड याचे आपल्याला जवळचे उदाहरण. हेर्मान याकोबी यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे बऱ्याच अभ्यासकांनी स्वीकारलेल्या मतानुसार बालकांड आणि उत्तरकांड ही मूळ गाभ्याच्या नंतरची आहेत. नंतर रचलेले कांड आरंभी ठेवले गेल्यामुळे श्रोता रामाला प्रथम भेटतो तो अवतार म्हणून, आणि पुढे अयोध्याकांडातील माणसाचे दुःख तो या ज्ञानासह ऐकतो. पूर्वकथा मागे जाऊन नुसती भर घालत नाही. पुढच्या संहितेचा वाचक ती बदलून टाकते.

‘द हॉबिट’ची स्थिती याच्या उलट आहे. जे. आर. आर. टोल्कीन यांचे हे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये. मूळ पुस्तक कशाचीही पूर्वकथा नव्हते. मुलांना गोष्ट सांगणारा, मध्येच थांबून वाचकाची थट्टा करणारा एक निवेदक त्यात आहे, आणि बिल्बोला सापडलेली अंगठी ही अदृश्य करणारी एक सोयीची वस्तू आहे, अधिक काही नाही. पुढे मोठ्या ग्रंथात हीच अंगठी सर्वनाशाचे मूळ ठरल्यावर आधीचे पुस्तक अडचणीचे झाले. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत ही अंगठी बक्षीस म्हणून लावतो. हरल्यावर ती सापडत नाही म्हणून दिलगीर होतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. अंगठीच्या मोहाने पोखरलेला जीव ती अशी पैजेवर लावणे शक्य नाही. टोल्कीन यांनी हे प्रकरण नव्याने लिहून १९४७ मध्ये नमुन्यादाखल प्रकाशकांकडे पाठवले. ते १९५१ च्या आवृत्तीत छापले गेले, आणि त्याचे आश्चर्य खुद्द लेखकालाच वाटले.

आता दोन पाठ झाले. त्यांच्यातील विसंगतीचे टोल्कीन यांनी जे केले ते निवेदनमीमांसेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. जुना पाठ त्यांनी रद्द ठरवला नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्यांनी असे सांगितले की, आधीची हकीकत ही बिल्बोने आपल्या सोबत्यांना सांगितलेली होती आणि ती खरी नव्हती, अंगठीवरचा आपला हक्क निर्विवाद ठरावा म्हणून तो खोटे बोलला. संपादकीय दुरुस्ती अशा रीतीने पात्राच्या स्वभावात मुरली. अंगठीचा दुष्प्रभाव बिल्बोवर पहिल्या दिवसापासून पडत होता याचा पुरावा तेच खोटे ठरले, आणि १९३७ च्या वाचकाचा अनुभवही अबाधित राहिला. त्याने वाचले ते खोटे होते, पण ते बिल्बोचे खोटे होते.

चित्रपटांच्या बाबतीतही असेच दोन पाठ आहेत, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. जॅक्सन यांनी २००१ मध्ये ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’च्या प्रास्ताविकात बिल्बोला अंगठी सापडण्याचा क्षण दाखवला होता, तेथे इअन होल्म तरुण बिल्बोच्या रूपात आहेत. २०१२ मध्ये तोच क्षण मार्टिन फ्रीमन यांच्यासह पुन्हा, वेगळ्या रीतीने चित्रित झाला. दोन चेहरे, दोन हकीकती. मात्र या चित्रपटाला त्या विसंगतीचे भानच नाही. नवा पाठ जुन्यावर मुकाट्याने ठेवून दिलेला आहे.

चित्रपटाची खरी अडचण येथे सुरू होते. वृद्ध बिल्बो आपली आठवण फ्रोडोसाठी लिहू लागतो, असे त्याचे चौकटनिवेदन आहे, आणि ते २००१ च्या चित्रपटाच्या आरंभीच्या दिवसालाच जोडलेले आहे. तेथेच आपल्याला एरेबोरचे वैभव, ड्रॅगनचा हल्ला, बुटक्यांचा वनवास हे सारे सांगून टाकले जाते. पुस्तकात ही हकीकत आपल्याला बिल्बोबरोबर कळते: त्याच्याच घरात, त्याच्याच कोठारातले सर्व काही संपवून बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडून. चित्रपटात दार वाजण्यापूर्वीच प्रेक्षक बिल्बोच्या पुढे गेलेला असतो. यात नुसता निवेदनाचा क्रम बदललेला नाही. घरकोंबड्या माणसाला अनोळखी जगाने ओढून नेणे हा या कथेचा गाभा. आणि प्रेक्षकाला मात्र त्या जगात अनोळखी काही उरू दिलेले नाही.

हान्स रॉबर्ट याउस यांची अपेक्षाक्षितिजाची संकल्पना येथे उपयोगी पडते, पण तिला थोडा ताण द्यावा लागतो. एका ऐतिहासिक क्षणी एका वाचकसमूहाचे एक क्षितिज असते आणि नवी कृती त्याला छेद देते, असे त्या मांडणीचे सर्वपरिचित रूप आहे. २०१२ च्या चित्रपटगृहात निदान तीन क्षितिजे शेजारी शेजारी बसलेली होती. पुस्तकातून आलेल्या वाचकाला ही बालकथा अपेक्षित होती. एकोणीसपैकी पहिल्या सहाच प्रकरणांना १६९ मिनिटे लागतात हे त्याला खटकणारच. २००१ ते २००३ च्या चित्रत्रयीतून आलेल्या प्रेक्षकाच्या लेखी सारुमानचे प्रत्येक वाक्य त्याच्या भावी फितुरीने भारलेले होते, म्हणून तीच बैठक त्याला रंगतदार वाटली. तिसरा प्रेक्षक या दोन्हींविना आलेला, पुष्कळदा वयाने लहान. त्याला गॅन्डाल्फ कुणाविषयी एवढा चिंतित आहे हेच उमगण्यासारखे नव्हते. चित्रपटाने तिघांपुढेही एकच आसन ठेवले: पुढचे सर्व ठाऊक असलेल्याचे. ज्याला ते आपले वाटले तो सुखावला.

पुढचे ठाऊक असणे हाच दोष, असे मात्र मला म्हणायचे नाही. आपल्या नाट्यपरंपरेत प्रख्यात वस्तू हा रसास्वादातील अडथळा नसून आधार मानलेला आहे. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त जी सात रसविघ्ने सांगितली त्यांतील पहिले संभावनाविरहाचे. जे घडूच शकत नाही असे प्रेक्षकाला वाटते त्यात त्याचे चित्त रमत नाही. त्यावरील उपाय म्हणून ते असे सांगतात की, लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर रामासारखी प्रख्यात नावे घ्यावीत, कारण त्यांच्यावरील श्रद्धा आधीच दृढ झालेली असते. अद्भुतिकेच्या पूर्वकथेचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. मध्यभूमी आधीच्या तीन चित्रपटांनी ‘प्रख्यात’ केलेली होती. २०१२ च्या चित्रपटाला ती नव्याने पटवून द्यावी लागणार नव्हती.

असे असता या चित्रपटाने दुसरे विघ्न स्वतःहून ओढवून घेतले, ही त्यातली विचित्र गोष्ट. ध्वनिचित्रपटाच्या आगमनापासून रूढ असलेल्या सेकंदाला २४ फ्रेमऐवजी तो ४८ फ्रेमच्या वेगाने, त्रिमितीत चित्रित झाला आणि निवडक चित्रपटगृहांत तसाच दाखवला गेला. काहींना त्याची स्पष्टता अपूर्व वाटली, त्रिमितीचा शीणही कमी जाणवला. इतरांना चित्रपटाऐवजी दूरदर्शनवरील मालिकेचे चित्रीकरण पाहात असल्यासारखे झाले. टोप, रंगभूषा, नेपथ्य वेगवेगळे दिसू लागले. मी दोन्ही रूपे पाहिली आहेत आणि मला ही तक्रार रास्त वाटते. या नाराजीला सवयीचा परिणाम म्हणून बाजूला सारण्यात आले. तथापि अभिनवगुप्तांचे दुसरे विघ्न नेमके हेच आहे: दृश्य विशिष्ट देश-काळाला आणि विशिष्ट व्यक्तीला जखडले जाणे. मुकुट, शिरोवेष यांसारखी नाट्यसाधने नटाचे नटपण झाकतात आणि त्यामुळे साधारणीकरण सुकर होते, असे ते मानतात. येथे मुकुट झाकण्याऐवजी दाखवू लागला. टोल्कीन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या परीकथेवरील व्याख्यानात नाटक हे स्वभावतःच अद्भुताला प्रतिकूल असल्याचे म्हटले होते. २४ फ्रेमच्या किंचित धूसरतेने चित्रपटाला या आक्षेपातून बरीचशी सूट दिली होती. ४८ फ्रेमनी ती काढून घेतली.

या सर्व गदारोळात जवळजवळ सर्वांनी वाखाणलेला एक प्रसंग आहे: अंधारातील कोड्यांचा. फ्रीमन आणि अँडी सर्किस यांच्या अभिनयाचे श्रेय त्यात मोठे आहेच. पण कथेतील सर्वाधिक पूर्वज्ञानाने लादलेला प्रसंगही हाच. अंगठी म्हणजे काय हे येथे बिल्बो आणि गॉलम सोडून साऱ्या प्रेक्षागृहाला माहीत आहे. तरीही चित्रपट येथे स्वतः काही बोलत नाही. दोन भुकेले जीव, कोडी आणि पैज, एवढ्यावरच कॅमेरा थांबतो. तिन्ही क्षितिजांना त्यात आपापली जागा सापडते: एकाला बालकथा, एकाला महाकथेचे बीज, एकाला केवळ जीव वाचवण्याची धडपड. शेवटी अदृश्य बिल्बो तलवार उगारतो, गॉलमचा चेहरा पाहतो आणि तिला आवरतो. खरे धैर्य प्राण घेण्यात नसून केव्हा न घ्यावा हे जाणण्यात आहे, असे गॅन्डाल्फने त्याला आधीच शिकवून ठेवलेले आहे. हा उपदेश पटकथेत नसता तर ती करुणा बिल्बोची स्वतःची राहिली असती. प्रेक्षक तो उपदेश त्या क्षणी विसरतो, हे प्रसंगाचे भाग्य.

टोल्कीन यांनाही असा मोह पडला होता. १९६० मध्ये त्यांनी ‘द हॉबिट’ मोठ्या ग्रंथाच्या सुरात नव्याने लिहायला घेतले: निवेदकाची थट्टा वजा केली, अंतरे आणि दिवस जुळवले. सुरुवातीच्या काही प्रकरणांनंतर त्यांनी ते सोडून दिले. तो अपूर्ण मसुदा २००७ मध्ये जॉन रॅटलिफ यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाला. लेखकाने जे सोडले ते चित्रपटाने ४७४ मिनिटांच्या तीन भागांत तडीस नेले, असे म्हणण्यास हरकत नाही. परिशिष्टांनुसार केव्हाच मारला गेलेला अझॉग त्यासाठी जिवंत करावा लागला, आणि पुढच्या भागांत पुस्तकात नसलेले लेगोलास व टॉरिएल आणावे लागले.

तिसरा भाग डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यानंतर महिनाभरातच एका अनामिक चाहत्याने तिन्ही भाग कापून सुमारे चार तासांचा एकच चित्रपट तयार केला. त्यातून वृद्ध बिल्बोची चौकट गेली. गॅन्डाल्फचा डोल गुल्डुर येथील शोध गेला. टॉरिएलचे प्रेमप्रकरणही गेले. जे राहिले त्यात बिल्बोला पुढचे काही ठाऊक नाही, आणि प्रेक्षकालाही ते कुणी सांगत नाही.