प्रोबायोटिक जीवाणू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रयोगशाळेतील निष्कर्षांची चिकित्सा

लॅक्टोबॅसिलस वर्गातील प्रोबायोटिक जीवाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी नष्ट करतात, असे प्रतिपादन करणारे अनेक शोधनिबंध गेल्या दोन दशकांत प्रसिद्ध झाले आहेत. त्यांची पद्धती बहुधा सारखीच असते. जीवाणू वाढवून त्यांचा गाळलेला द्राव हेला पेशींवर टाकला जातो आणि एम. टी. टी. चाचणीने जिवंत पेशींचे प्रमाण काढले जाते. या पद्धतीच्या मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय तिच्या निष्कर्षांचे मूल्यमापन करता येत नाही.

पहिली मर्यादा आम्लतेची आहे. हे जीवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. पेशी मात्र सुमारे ७.४ सामूच्या माध्यमात वाढविल्या जातात. त्यात आम्लधर्मी द्राव मिसळल्यास कोणत्याही पेशी मरू शकतात. म्हणून उदासीन केलेला द्राव आणि तेवढ्याच सामूचे निव्वळ आम्ल यांच्याशी तुलना आवश्यक ठरते. निरोगी योनिमार्गात लॅक्टिक आम्ल संरक्षक असते, हे खरे. परंतु त्यावरून जीवाणूंत कर्करोगविरोधी द्रव्य असल्याचे सिद्ध होत नाही. शिवाय एम. टी. टी. चाचणी पेशींची चयापचयक्षमता मोजते, प्रत्यक्ष मृत्यू नव्हे.

दुसरी मर्यादा पेशींच्या निवडीची आहे. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून त्यांच्या संमतीविना घेण्यात आल्या. ते अर्बुद ग्रंथिल प्रकारचे होते व त्या पेशींत एच. पी. व्ही. १८ हा विषाणू आहे. बहुसंख्य रुग्णांत मात्र शल्कपेशींचा कर्करोग आढळतो. त्यामुळे एच. पी. व्ही. १६ असलेल्या सिहा व कॅस्की पेशी आणि गर्भाशयमुखाच्या निरोगी पेशी यांवरही तोच प्रयोग व्हावयास हवा. निरोगी पेशीही तितक्याच मरत असतील, तर ते औषध न ठरता केवळ विष ठरते.

पुराव्याचे दुसरे टोक महाराष्ट्रातच दिसते. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एच. पी. व्ही. तपासणीने व त्यानंतरच्या उपचाराने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. प्रयोगशाळेतील संशोधन त्यामुळे निरर्थक ठरत नाही. पुढील अभ्यासासाठी ते गृहीतक पुरविते. परंतु शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘उपचार’ हा शब्द आला, तर दही खाणे पुरेसे समजून एखादी स्त्री तपासणी टाळण्याचा धोका संभवतो. म्हणून अशा निबंधांत तुलनागट, पेशींचा प्रकार व द्रावाचा सामू यांची स्पष्ट नोंद करणे हे संशोधकाचे, आणि ती मागणे हे परीक्षकाचे कर्तव्य होय.